खुणेवरची रेघ

"तुमच्या जनुकांत दोन बदल सापडलेत," डॉक्टर ग्रासिंदा म्हणाल्या.

सालोमेने मांडीवरच्या लेकीला, आउराला, घट्ट धरलं. एकाची तयारी करून ती आली होती. दोनाची नव्हती.

एक म्हणजे काय, हे पोव्होआच्या कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिथे त्याला नुसतं 'पावलांचं दुखणं' म्हणतात. पावलांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. सालोमेचे वडील छत्तिसाव्या वर्षी सार्डिन भाजायच्या शेगडीपाशी उभे होते. अनवाणी पायाखाली निखारा आला. चटका बसलाच नाही, आधी वास आला. सात वर्षांनी ते गेले. सालोमेला आता चौतिसावं लागलं होतं. रोज सकाळी ती अंगणातल्या नळाखाली पाय धरायची, आणि पाणी गार लागेपर्यंत श्वास रोखून धरायची.

त्यात ती धाकटी. कोळ्यांच्या घरात बापाची खूण होडीवर, जाळ्यावर, जेवायच्या बाकावर सगळीकडे असते. तिच्या वडिलांची खूण कोंबडीच्या पायाची: एका टोकाला जुळलेल्या तीन रेघा. मोठ्या भावांनी आपापल्या खुणेत एकेक रेघ वाढवलेली. धाकटीला मात्र खूण मिळते ती जशीच्या तशी. "खूण जिकडे, दुखणं तिकडे," असं एर्मेलिंडाआत्या तिला पाळण्यापासून ऐकवत आलेली. आणि लगेच आईकडे वळून, "तू तर शेतकऱ्याची पोर. बटाट्यांची एक टोपली घेऊन आलीस या घरात. खूण नाही की काही नाही. तुझं कशाला येईल लेकरात?"

आई, झुल्मिरा, शेजारच्या खुर्चीवर बसली होती. विणकाम तिने सोबत आणलं होतं. सालोमेसाठी पांढऱ्या लोकरीचा स्वेटर, छातीवर लाल-काळ्या टाक्यांत कोंबडीचा पाय.

"पहिला बदल वडिलांकडून आलाय," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा आईकडून. म्हणूनच मागच्या खेपेला तुमचंही रक्त घेतलं, झुल्मिराबाई."

आईच्या हातातली सुई थांबली. "माझ्याकडून?" "म्हणजे मीसुद्धा हिला..."

"आई, राहू दे," सालोमे म्हणाली. दोन्हीकडून. आता चाळिशी तरी गाठता येईल का? आउरा तेव्हा शाळेत असेल, पहिली-दुसरीत.

"अहो, पुढचं ऐका तरी!" डॉक्टर खुर्ची ओढून पुढे सरकल्या. त्याही पोव्होआच्याच, त्यांचे आजोबा होडीवरचे. "होडी वाळूवर कशी चढवायचे आपले लोक? चौघं, खांद्यावर घेऊन. आपल्या रक्तात एक प्रथिन आहे, ते अगदी तसंच काम करतं. चार तुकडे एकमेकांना धरून राहतात आणि ओझं वाहतात. तुमच्या वडिलांकडच्या तुकड्याची पकड सैल. तो सुटतो. सुटला की त्याची घडी बिघडते, मग असे मोकाट तुकडे एकमेकांत गुंततात आणि फाटक्या जाळ्यासारखे नसांत अडकून बसतात. ते पावलांचं दुखणं."

"आणि आईकडचा?"

"त्याचीही घडी थोडी वेगळीच आहे. पण त्याची पकड इतकी घट्ट, की शेजारच्यालाही सुटू देत नाही. चौघांत असा एखाद-दुसरा असला तरी चौकडी टिकते. हे दोन्ही बदल असलेली माणसं मी तपासलीत, सालोमे. एक आजी बहात्तर वर्षांच्या आहेत. बाजारात अजून अनवाणी हिंडतात आणि दगड तापलेत म्हणून नगरपालिकेला शिव्या घालतात."

सालोमेला आधी हसू आलं, मग हुंदका. आउराने दचकून तिच्या नाकाला हात लावला.

"शपथेवर सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दर वर्षी तपासणीला यायचं. आउराला तुमच्याकडून दोहोंपैकी एकच बदल मिळाला असणार. कुठला, ते मोठी झाली की तिचं तिने विचारावं. आता ती चौकडी बांधून ठेवणाऱ्या गोळ्याही निघाल्यात. पण तुम्ही आज घरी जा आणि पोटभर जेवा."

आई अजून पुटपुटत होती, "माझ्याकडून... माझ्याकडून होय?" आता त्या शब्दांची चाल बदलली होती.

दोघी बसने निघाल्या. आउरा आजीच्या मांडीवर झोपली. पोव्होआ जवळ आलं, खिडकीतून समुद्राचा वास आला, तेव्हा सालोमेने आईच्या कानाशी काहीतरी सांगितलं. आईने मान हलवून नको नको म्हटलं. मग पिशवीतून सुई काढली.

रविवारी एर्मेलिंडाआत्या जेवायला आली. दारातच तिने खुंटीवर टांगलेला सालोमेचा नवा स्वेटर पाहिला, चष्मा चढवला आणि बोटाने रेघा मोजल्या. एक, दोन, तीन. चार.

"अगं ए, धाकटीच्या खुणेवर रेघ?" ती कडाडली. "मोठ्यांनी वाढवायची असते ती! एवढंही कळत नाही? ही कुणाची रेघ?"

सालोमे अंगणात नळाखाली पाय धुवत होती. पाणी गारेगार होतं.

"आईची," ती म्हणाली.