नातीचा उजवा डोळा

“पुन्हा तेच! फ्लॅश मारून मारून पोरीच्या फोटोंचं वाटोळं केलंस!”

फोटोमास्तरांनी सुनेच्या मोबाईलमधला तोही फोटो पुसून टाकला. आधीचे असेच पुसले होते. नात छान हसली होती, डावं बुबुळ काळंभोर. उजव्यात मात्र पांढरट चकाकी.

“पण बाबा, दर वेळी उजवाच डोळा कसा?”

“कारण दर वेळी फोटो तूच काढतेस!”

हल्ली ज्याच्या खिशात मोबाईल तो फोटोग्राफर. उजेड कशाशी खातात ते ठाऊक नाही, आणि निघाले फोटो काढायला! मास्तरांच्या कॅमेऱ्यातही उजवा डोळा पांढरा यायचा, पण ती गोष्ट वेगळी. पोरगीच ऐन वेळी मान वळवायची, त्याला मास्तर काय करणार? ते मुकाट्याने आपल्या स्टुडिओतल्या संगणकावर बसत, डावं बुबुळ उचलून उजव्यात बसवत आणि कडा पुसून घेत. काम इतकं बेमालूम, की घरातसुद्धा कुणाला पत्ता नव्हता. दुकानातलं काम दुकानात.

एकदा एक नर्स स्टुडिओत पत्रक लावायला आली. त्यावर लिहिलं होतं: फोटोत मुलाचं बुबुळ पांढरं चमकलं तर लगेच डोळे तपासा. क्वचित होतो, पण तो डोळ्याचा कॅन्सर असू शकतो.

“बाई, हा स्टुडिओ आहे, दवाखाना नव्हे,” म्हणत मास्तरांनी तिला वाटेला लावलं. फ्लॅशच्या चुकीला म्हणे कॅन्सर! उद्या फोटो हलला तर कंपवात म्हणतील!

नर्सने जाताना पायरीवर ठेवलेलं पत्रक सुनेच्या हाती लागलं. तिने कुणाला न विचारता पोरीला उचललं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. कळल्यावर मास्तर तडक मागोमाग गेले, आपण काढलेल्या नातीच्या फोटोंचा अल्बम काखोटीला मारून. हिचं खूळ एकदाचं उतरवायलाच हवं होतं.

तपासणी संपली होती. सून सांगत होती, “बरेच महिने दिसतंय, डॉक्टर.”

“हिचं काय ऐकता! हे बघा फोटो.” मास्तरांनी अल्बम टेबलावर आपटला.

डॉक्टरांनी फोटोंखालच्या तारखा बघत एकेक पान सावकाश उलटलं. “बरं झालं आणलात. हिच्या डोळ्यात गाठ आहे. मला ती जुनी वाटली होती, पसरल्याचीही भीती होती. पण गेल्या महिन्यापर्यंत डोळा स्वच्छ दिसतोय. गाठ इतकी नवी असेल, तर आपण डोळा वाचवायच्या मागे लागू.”

सुनेला हुंदका आवरेना. “माझाच मोबाईल खराब असेल. बाबा, तुमचे फोटो होते म्हणून हो!”

मास्तरांनी अल्बम मिटला. आईच्या मांडीवरची नात त्यांच्याकडे बघून हसत होती.

“डॉक्टर,” ते कसेबसे म्हणाले, “यातला एकही उजवा डोळा खरा नाही.”