डोळे धुवायचा नळ

आमच्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या टाकीशेजारी डोळे धुवायचा नळ आहे. कामगार तिथे जेवणाचे डबे विसळतात, म्हणून मॅनेजरसाहेबांनी नळावर पत्र्याची पेटी बसवून तिला कुलूप ठोकलं. किल्ली स्वतःच्या खिशात. शिस्त म्हणजे शिस्त.

एक दिवस सोडा उडाला तो नेमका साहेबांच्याच डोळ्यांत. ते बोंबलत खिसे चाचपत राहिले. शेवटी फिटरने हातोडीच्या एका घावात कुलूप तोडलं आणि मानगूट धरून त्यांचं तोंड पाण्याखाली घातलं. डोळे थोडक्यात वाचले.

आठवड्याने साहेब काळा चष्मा लावून कामावर आले आणि आल्या आल्या त्यांनी फिटरला बोलावून घेतलं.

"एका घावात तुटतं ते काय कुलूप म्हणायचं? चांगलं दणकट आणून लाव."