ताडपत्रीवरचा होमरन

अंपायर रेनकोट घालून मैदानात आला, तेव्हा खुर्च्यांमध्ये उरलेली चार-पाचशे माणसं गप्प झाली. त्याने ताडपत्रीवर बूट दाबून पाहिला. बुटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी वर आलं. मघापासून तो असाच येत होता, दाबून बघत होता आणि काही न बोलता आत जात होता.

"मनाने चांगला आहे गं," सोबचाकबाई म्हणाल्या. "दुसरा असता तर केव्हाच सगळ्यांना घरी पाठवलं असतं त्याने."

व्हर्डेलने छत्री त्यांच्या डोक्यावर सरकवली. या म्हाताऱ्या बाई कित्येक वर्षं तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसत. व्हर्डेलच्या नवऱ्याने, लॉनी पेटवेने, कधी काय मारलं हे त्यांना तिच्याहून जास्त पाठ होतं. आज बेसबॉलच्या मोसमातला शेवटचा सामना होता, आणि चाळिशी गाठलेल्या लॉनीचाही शेवटचाच. पुढच्या वर्षी त्याला कुणी घेणार नव्हतं. सकाळी तो घरातून निघाला, तेव्हा त्याच्या नावावर दोनशे नव्व्याण्णव होमरन होते. दुसऱ्या डावात त्याने समोरच्या संघाच्या हेनिंगर नावाच्या लालकेस्या पिचरचा चेंडू कुंपणापार टोलवला आणि फलकावर तीनशेचे दिवे लागले. चौथ्या डावात सरोवरावरून पाऊस आला.

पाच डाव पुरे झाले नाहीत, तर सामना झालाच नाही असं धरतात. मारलेलं, झेललेलं सगळं पाण्यात. दोन्ही संघ तळाला होते, त्यामुळे हा सामना पुन्हा कुणी खेळवणारही नव्हतं.

"आणि मेला हसलासुद्धा नाही," व्हर्डेल म्हणाली.

"कोण?"

"लॉनी, दुसरं कोण! तीनशेवा मारला, तरी मान खाली घालूनच धावला. मला शब्द दिला होता त्याने."

चेंडू कुंपणाबाहेर गेला की मान खाली घालायची आणि मुकाट्याने चारही बेस पळून यायचं, हे लॉनीला त्याच्या बापाने अलाबामात शिकवलं होतं. तिथे गोऱ्या पोराचा चेंडू टोलवून काळा पोरगा हसला, तर पुढचा चेंडू त्याच्या कानशिलावर यायचा. इथे आता तसं नव्हतं, पण सवय हाडीमांसी खिळलेली. "होमरन मारून येतोयस की मयताहून?" असं व्हर्डेल त्याला चिडवायची. या खुर्चीवरून तिला वर्षानुवर्षं दिसला तो फक्त त्याच्या हेल्मेटचा माथा. "तीनशेव्याला मान वर करीन," असं तो म्हणाला होता. पायांच्या ते लक्षात राहिलं नाही.

लॉनी आता खेळाडूंच्या बाकांपुढच्या कठड्यावर कोपरं टेकून उभा होता. अंपायरने त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. शेवटी लॉनीनेच हलकेच मान डोलावली. अंपायरने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली: सामना रद्द.

फलकावरचे तीनशेचे दिवे विझले. जुना आकडा परत लावायचा फलकवाल्याला धीर झाला नसावा, तिथे नुसतं काळं राहिलं. व्हर्डेलला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पावसाला उद्याचा दिवस नव्हता का?

सोबचाकबाईंनी थर्मासमधली उरलीसुरली कॉफी झाकणात ओतून तिच्यापुढे धरली. "पी. मी या डोळ्यांनी पाहिलाय तो चेंडू जाताना. माझ्यापुरता झाला तीनशेवा."

"त्याच्यापुरता व्हायला हवा ना, बाई."

माणसं उठायला लागली, तेवढ्यात समोरच्या बाजूने हेनिंगर बाहेर आला. सामन्याबरोबर त्याला पडलेला मारही पुसला गेला होता. खरं तर त्याने गुपचूप आंघोळ करून घरचा रस्ता धरायचा. पण तो बूट काढून, नुसत्या मोज्यांवर घसरत ताडपत्रीच्या मधोमध गेला आणि लॉनीकडे तोंड करून ओरडला, "या की काका! का गुडघे दुखतायत?"

लॉनीने बूट काढले. "नीट टाक रे," तो मैदानात येत म्हणाला. "मघासारखा लिंबूटिंबू नको."

हेनिंगरने नसलेला चेंडू जीव खाऊन फेकला. लॉनीने नसलेली बॅट फिरवली. दोघांनी कुंपणाकडे पाहिलं, तशी खुर्च्यांमधली माणसंही तिकडेच बघायला लागली. हेनिंगरने कपाळावर हात मारून घेतला आणि पाण्यात आडवा झाला.

लॉनी धावला. पहिल्या बेसच्या जागेवरून वळताना त्याने एक हात वर केला, दुसऱ्यावरून वळताना दोन्ही. तिथेच पाय घसरून तो पडला, उठला आणि पुन्हा पळाला. डोक्यावर काही नव्हतं, तोंडावर पाऊस सरळ पडत होता. माणसं आता खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती. शेवटचे काही हात राहिले, तेव्हा त्याने पोटावर झेप घेतली आणि पाणी उडवत तो अंपायरच्या पायाशी येऊन थांबला. अंपायरने दोन्ही हात पसरून तो पोचल्याची खूण केली.

निथळत, धापा टाकत लॉनी तिच्या खालच्या कठड्यापाशी आला. "बघितलंस?"

व्हर्डेलची छत्री कधीच खाली पडली होती.

"बघितलं," ती म्हणाली. "तुझा सोन्याचा दात इतक्या लांबून दिसतो, हे मला ठाऊकच नव्हतं."