लहू कोळ्याची गल्ली

"लहू वारला का?" सरकारी कारकून मनमोहनरावांनी पगडी सावरत पुन्हा विचारलं. नव्या गल्लीच्या कोऱ्या पाटीपुढे रंगारी शिडीवर कुंचला धरून ताटकळला होता.

शिवडीचा अख्खा कोळीवाडा खाली मान घालून उभा. लहूच्या बायकोने, मंजुळेने, डाव्या हातातल्या बांगड्या पदराखाली घेतल्या. उजवा हात तिचा लग्नापासून मोकळाच होता. त्या हातातल्या बांगड्या कोळणी लग्नातच दर्याला देतात, धन्याला सांभाळ म्हणून. दर्याने बांगड्या घेतल्या खऱ्या. पण मागच्या शिमग्यानंतर गेलेलं लहूचं होडकं काही परत आलं नाही.

त्याच्यामागे गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ पुन्हा उसळली. सरकारी माणसांनी जुनी घरं पाडली आणि मधून सरळसोट नवी गल्ली काढली. पहिल्या साथीत लोक सख्ख्या भावाला शिवत नव्हते, तेव्हा लहूने आजाऱ्यांना पाठीवर घालून इस्पितळात पोचवलं होतं. म्हणून गल्लीला त्याचंच नाव द्या, असा वाड्याने धोशा लावला. मनमोहनराव मनाचे भले. त्यांनी वर शब्द टाकला. पण साहेबाची एक अट होती.

"जिवंत माणसाचं नाव देत नाहीत, बाई. वारला असेल तर तसं सांगा. नाहीतर दुसरं नाव लागेल."

लहूच्या आईने, सोनूबाईने, त्याला कुणाला मेलेला म्हणू दिलं नव्हतं. कुणी तसं बोललं की ती अंगावर धावून जायची. आता तिने नव्या भिंतींकडे पाहिलं. ओळखीची एक खूण उरली नव्हती.

"वारला," ती म्हणाली. "लिवा." मग मंजुळेच्या कानाशी लागून पुटपुटली, "येल तवा नाव बघंल. घर गवसंल त्याला, गो."

बिचारीला पुढचं सुचलंच नव्हतं. खुद्द आईनेच चारचौघांत सांगितलं म्हटल्यावर दोन म्हाताऱ्या मंजुळेच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. सोनूबाई किंचाळली, "हात नका लावू तिला! पाटीसाठी बोलले मी!"

कुंचला अर्ध्या अक्षरावर थांबला.

"मग पुसायला सांगू?" मनमोहनरावांनी हळूच विचारलं.

मंजुळेने पाटीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग आपणच डावा हात भिंतीवर आपटला. हिरव्या काचा पायाशी पडल्या.

"ऱ्हाऊ द्या नाव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती बाजारात जायची बंद झाली. मासळीची टोपली घेऊन, दोन्ही हात मोकळे, ती त्या पाटीखालीच बसू लागली. ऊन तापलं तरी हलेना. गिऱ्हाईक तिकडे फिरकतही नव्हतं. शेवटी सोनूबाई रागावली.

"मंजुळे, बाजार टाकून हितं कशाला बसतेस गो?"

"आये, तुझ्या लेकाला वाचाया कुठं येतं?" मंजुळा म्हणाली. "काय लिवलंय ते सांगाया कुनीतरी नको?"