आतली वाट

पावसात ट्रॅकवरची नेहमीची आतली वाट सोडायची असते. तिच्यावर टायरांचं रबर घासून बसलेलं असतं आणि पाणी पडलं की ते साबणासारखं होतं. मला हे ठाऊक होतं. तरी शेवटच्या फेरीत इंद्रजितने वळणावर बाईक बाहेरून घेतली, तसा मी आत घुसलो. चार वर्षं त्याच्या चाकाचं पाणी तोंडावर घेत आलो होतो.

क्षणभर मी पुढे होतो. मग मागचं चाक सटकलं आणि मी बाईकसकट गवतात गेलो.

पाय खाली अडकला होता. कुणीतरी बाईक उचलली. इंद्रजितच. पहिला नंबर सोडून आला होता.

आई धावत आली. माझे हातपाय चाचपले, सगळं शाबूत आहे म्हटल्यावर पदराने त्याचं डोकं पुसायला लागली. "माझ्या पोरासाठी शर्यत सोडलीस रे बाळा." लोक त्याची पाठ थोपटत होते. पडलो मी, कौतुक त्याचं.

आई चहा आणायला गेली, तसा तो माझ्याशेजारी टेकला.

"मोठेपणा नाही रे हा," तो खाली बघत म्हणाला. "तू पुढे गेलास तेव्हा मी मनात म्हटलं, पड. आणि तू खरंच पडलास. मग मला पुढे जाववेना."

दर शर्यतीत त्याच्या पाठीकडे बघत मी हेच म्हणत आलो होतो. ते बोलून दाखवण्यातही तोच पहिला आला.