एमीलचा उघडा चाकू

या, जरा जवळ सरकून बसा, ओब्राकच्या पठारावरची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे घरधन्याने आपला चाकू मिटला की जेवण संपलं, सगळ्यांनी उठायचं. म्हातारी लिओनी नवऱ्याचा झिजलेला चाकू उघडाच घेऊन माझ्या चाकूच्या दुकानात आली आणि टेबलापाशी बसली.

"मूठ नवी बसव, पातं घास. पण मिटायचा नाही हं, तुझा हात मोठा आगाऊ! आमचे एमील अर्ध्या जेवणातून गाय बघायला उठले आणि गोठ्यातच देवाघरी गेले. त्यांचं जेवण व्हायचंय अजून."

शिंगाची नवी मूठ बसली, पातं लखलखलं आणि सवयीने मी चाकू मिटून पाहिला. खट्!

लिओनी उठून उभी राहिली. छातीवर क्रुसाची खूण केली आणि माझ्या टेबलावरचा शिंगाचा भुसा, पावाचा चुरा आवरावा तसा, तळहाताने गोळा करू लागली.

देवापुढे बसाल तेव्हा एमीलचंही नाव घ्या, बाबांनो.