समुद्राचं वाक्य

"समुद्र म्हणजे सी, हे शेंबडं पोरही सांगेल," बाई फळ्यावर लिहीत म्हणाल्या. "पण आज हा सी दुसऱ्या शब्दाच्या आधी उभा राहून विशेषणाचं काम करणार. सी वॉटर, सी रूट, सी ब्रीझ. तसंच मरीन इंजिन. चला, प्रत्येकाने एक वाक्य. आणि खरं हवं हं, थापा नकोत!"

मोठ्या माणसांच्या या इंग्रजीच्या वर्गात बाईंचा नियमच तसा होता. वाक्य आपल्या घरचं हवं. पुस्तकातलं पाठ म्हणणाऱ्याची त्या बिनपाण्याने करत.

"माय वाइफ हॅज सी व्हॉइस," बेकरीवाला उठून म्हणाला.

"सी व्हॉइस? ते काय?"

"गाज हो, बाई! थांबतच नाही. शेजाऱ्यांना विचारा, खरं आहे की नाही."

सगळे खो खो हसले. शिंपीणकाकू तर हसून हसून डोळे पुसायला लागल्या. आजचा धडा बाईंनी मुद्दाम त्यांच्यासाठीच घेतला होता. काकूंचा एकुलता एक मुलगा बोटीवर होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. कंपनीत फोन लावला, तर पलीकडचे फाडफाड इंग्रजी बोलत. म्हणून तर या वयात काकू पदर खोचून वर्गात येऊन बसल्या होत्या.

"माय सन रिपेअर्स मरीन इंजिन्स," काकू एका दमात म्हणाल्या.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. काकू लाजून लाल झाल्या.

"आता तुम्ही," बाईंनी दाराजवळ बसलेल्या कारकुनाला उठवलं. "बोटींचं काम तर तुमचं रोजचंच."

काकूंच्या मुलाला बोटीवर पाठवलं ते याच्याच एजन्सीने. सकाळी ऑफिसात बातमी आली होती. बोट बुडाली. वाचलेल्यांत काकूंचा मुलगा नव्हता. घरच्यांना उद्या कंपनी कळवेल, तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही, अशी साहेबांची तंबी होती. तंबी देऊन साहेब मोकळे! काकू रोज विचारायच्या ते याला. वर्गाला दांडी मारावी, तर त्या थेट घरी येऊन थडकल्या असत्या.

"द सी रूट..." कारकुनाने वहीचं पान उलटलं. "इज लाँग."

"बरोबर, पण हे पुस्तकी झालं. तुमचं काहीतरी सांगा."

त्याने वही मिटली.

"अहो, एरवी पोपटासारखे बोलता," बेकरीवाला म्हणाला. "आज दातखीळ बसली की काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. कारकुनाने फळ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. काकू मागे वळून त्याच्याकडेच बघत होत्या, आणि तेवढ्या एका बाजूला त्याची मान काही वळेना. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

"सोपं आहे हो," बाई म्हणाल्या. "सी घ्या, पुढे एक शब्द..."

"बाई, थांबा जरा."

काकू उठल्या. बाकांचा आधार घेत घेत त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याचा हात त्यांनी हातात घेतला.

"इंग्रजी राहू दे रे बाळा," त्या म्हणाल्या. "आपल्या भाषेत सांग. माझा मुलगा कुठे आहे?"